चाखणीस आणि कोळीनिर्वंश अर्काची बखर

श्री. क्षेत्रपाळास, परसातल्या मातीस आणि खरे बोलणाऱ्या जिभेस आधी दंडवत घालोन लिहिणार लिहितो ऐसे जे, शके सोळाशे एकावन्न, सौम्य नाम संवत्सरे, एका राज्यात मोठा अनर्थ जाहला. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. परचक्र आले असते तर लोक तटावर तरी चढते. हा अनर्थ निळ्या शिशीत भरोन, गळ्यास रेशमी दोरा बांधोन, विकावयास आला आणि लोकांनी त्यास हात जोडोन घरी नेले.

त्या राज्यी महाराजांची परवानगी ऐसी की घरटी चार झाडे भांगेची परसात लावावी, औषधास वापरावी, बाजारी विकू नये. रयतेने झाडे पोटच्या पोरांसारखी वाढविली. आणि त्या साली आषाढ सरला तरी पाऊस नाही, हवा तापली, आणि पानांच्या पाठीस कोळी लागला. कोळी खसखशीच्या दाण्याहून बारीक, परंतु पान शोषोन पिवळे ठिपके पाडी आणि शेंड्यास जाळे विणी. मग लोक घाबरले. आणि लोक घाबरले हे वर्तमान सर्वांआधी त्रिंबकपंत अर्के यांस कळले. पंत पूर्वी अत्तरे विकीत, ती खपेनात. त्यांणी रातोरात पाटी बदलली आणि ‘कोळीनिर्वंश अर्क’ काढिला. शिशीस चिठ्ठी डकविली ती ऐसी: ‘एका फवाऱ्यात कोळ्याचा निर्वंश. पान त्याच दिवशी वाटावे. तान्ह्या मुलाने चाटले तरी बाधा नाही. राजबागेत मान्य.’ आणि वर लाखेची तांबडी मोहोर. हाच अर्क दुकानाच्या मागल्या बाजूस मडक्यात होता, त्यावर ‘वांग्यांसाठी’ लिहिले होते आणि तो दोन पैशांस मिळे. भांगेची शिशी रोख रुपयास. कोणी विचारिले तर पंत कळवळोन म्हणत, “अहो, वांगे आणि भांग एका पंक्तीस बसवता? भांग नाजूक जात!” आणि विचारणारा आपणच शरमोन रुपया काढी. या कळवळ्याची लिहिणारास जितकी चीड आहे तितकी चोराचीही नाही. चोर निदान लपोन येतो.

त्याच पेठेत निळोजी चाखणीस राहात. यांणी तीस वर्षे महाराजांच्या मुदपाकखान्यात चाखण्याची चाकरी केली. रिवाज ऐसा की प्रत्येक पदार्थ चाखणिसाने रुप्याच्या वाटीत घेऊन चाखावा, घटकाभर थांबावे, जीव राहिला तर झाकणावर लाखेची मोहोर करावी, मग ताट आत जावे. म्हणजे मोहोर आहे तेथे चाखणिसाची जीभ लागली आहे, हे राज्यात लहान पोरासही ठाऊक. चाकरी सुटतेवेळी महाराजांनी ती वाटी निळोजींस बक्षीस दिली. त्यांच्या कुटुंबाचे नाव द्वारकाबाई. बाईंच्या अर्ध्या तोंडात कळ येई, ती ऐसी की घास चावता न ये, वारा गालास लागला तरी डोळ्यास धार लागे. वैद्य थकले. अखेर भांगेच्या पानाची सुपारीएवढी गोळी लागू पडली, आणि बाई भाकरी चावू लागल्या. घरातली चार झाडे म्हणजे बाईंचे चार घास होते.

त्या झाडांस कोळी लागला तेव्हा निळोजी धावत अर्क्यांकडे गेले. एक शिशी फवारिली, कोळी हलला नाही. पंत म्हणाले, “पहिल्याने तो मूर्च्छित होतो, दुसऱ्याने जातो.” दुसरी फवारिली, कोळी अधिकच माजला. पंत म्हणाले, “आपला कोळी जुनाट दिसतो. यास महाअर्क पाहिजे.” महाअर्काचे मोल ऐकोन निळोजींनी घरी जाऊन रुप्याची वाटी आणली आणि पंतांच्या हाती ठेविली. बाई म्हणाल्या, “अहो, जन्मभर सगळ्यांच्या ताटातले चाखलेत, हे एक तेवढे चाखले नाहीत?” निळोजी म्हणाले, “अगे, वर मोहोर आहे. माझ्यामागे आलेल्या चाखणिसाने चाखले असेलच की.” तीस वर्षे ज्या मोहोरेखाली आपली जीभ होती, त्या मोहोरेवर ते संशय कैसा घेतील?

महाअर्काने कोळी मेला. पाने तेल लावल्यासारखी चकाकली. बाईंनी आनंदाने पाटा धुतला, पाने खुडली, आणि वाटावयास बसल्या. निळोजींस घरीही सवय जात नसे; त्यांणी एक पान उचलोन आधी आपल्या जिभेवर ठेविले. आणि जीभ बधिर जाहली, घशाशी धातूसारखी चव आली, आणि ते ओरडले, “वाटू नको! हात धू आधी!” मग खळखळोन चुळा भरल्या, घटकाभर ओसरीवर बसले, आणि जीव राहिला तेव्हा पहिल्या शिशीतले थेंब चाखिले. तो रिठ्याचे पाणी, ज्यात बाई शाल धुवीत तेच, वर थोडे अत्तर. दुसरीतही तेच, अत्तर अधिक. निळोजींच्या डोळ्यांस पाणी आले. चारही झाडे त्यांणी आपल्या हाताने मुळासकट उपटली, आणि बाई पदर गालास लावून पाहात राहिल्या.

मग निळोजी नव्या चाखणिसाकडे गेले. तो म्हणाला, “काका, माझ्यापुढे ऐसी शिशी आलीच नाही.” शोध करता कळले की राजबागेच्या माळ्याने एकदा गुलाबास म्हणोन एक शिशी नेली होती, तेवढ्यावर पंतांनी ‘राजबागेत मान्य’ लिहिले आणि मोहोर आपणच कोरोन घेतली. निळोजींचे मस्तक भडकले आणि ते शिश्या घेऊन भर दरबारात उभे राहिले. महाराजांनी पंतांस बोलाविले. पंत नम्र होऊन बोलले, “महाराज, हजारो घरे संतुष्ट आहेत. चाखणीसबोवांनी मात्रा चुकविली असेल.” दरबारी माना डोलू लागल्या. तेव्हा निळोजी इतकेच म्हणाले, “चिठ्ठीवर तान्ह्या मुलाने चाटले तरी बाधा नाही ऐसे आहे. पंत तान्हे नाहीत. एक घोट घ्यावा.” महाराजांस हे रुचले. पंतांच्या दुकानी माणूस पाठवोन महाअर्काची शिशी आणि एखादे पात्र मागविले. माणसाने फळीवरची दिसली ती रुप्याची वाटी उचलोन आणली. निळोजींनी ती ओळखिली, काठोकाठ भरिली आणि पंतांपुढे धरिली. पंतांस घाम फुटला. म्हणाले, “आज माझी एकादशी.” महाराज म्हणाले, “अर्क तर पाण्यासारखा निर्मळ म्हणता. पाणी एकादशीस चालते.” पंतांनी वाटीकडे पाहिले, दरबाराकडे पाहिले, आणि महाराजांचे पाय धरिले.

मग दुकानास टाळे पडले, पंत हद्दपार जाहले, वाटी निळोजींस परत मिळाली, आणि हुकूम सुटला की जो कोणी अर्क विकील त्याने तो आधी चव्हाट्यावर आपण प्यावा. त्या दिवसापासोन राज्यात अर्क फार थोडे राहिले. निळोजींनी नवे बी पेरिले आणि रोज सकाळी शाल धुण्याच्या रिठ्याच्या पाण्याने पानांच्या पाठी बोटाने पुसल्या. पान रोज पुसले म्हणोन कोळी टिकला नाही, आणि त्यास एक पैसाही पडला नाही. परंतु झाड वाढावयास वेळ घेते.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. पंत शेजारच्या राज्यात सुखरूप असोन हल्ली झेंडूसाठी अर्क विकतात ऐसे ऐकिले. त्यांची शिक्षा दरबारच्या दप्तरी लिहिली आहे. पान येईतो द्वारकाबाईंनी पाच महिने पातळ पेज पिऊन, गाल बांधोन काढिले, ते कोणत्याही दप्तरी लिहिलेले नाहीत, म्हणोन येथे लिहिले.