बशीरकाकांची भट्टी, शहाण्णव पानं

"झालंच समज," तौफिक लमीनला म्हणाला. तीन महिने तौफिकच्या छापखान्यात सगळं झालेलंच होतं, पुस्तक तेवढं व्हायचं राहिलं होतं.

पुस्तक फोटोंचं होतं, सूस शहरातल्या त्यांच्या गल्लीतल्या भट्टीचं. पाव असो की ईदचे खजूर भरलेले मकरूद, अख्ख्या गल्लीतल्या बायका ट्रे घेऊन तिथंच भाजायला यायच्या. मागच्या वर्षी भट्टी बंद पडली, तिचं तोंड विटांनी बुजवलं, आणि तेव्हापासून भट्टीवाले बशीरकाका त्या बाजूला फिरकलेच नाहीत. पोस्टातून निवृत्त झालेल्या लमीनकडे तीस वर्षांचे फोटो होते. प्रकाशक कुणी विचारेना, म्हणून त्याने स्वतःच पुस्तक काढायचं ठरवलं. शुक्रवारी काका कायमचे लेकीकडे स्फाक्सला निघणार होते. त्याआधी ते त्यांच्या हातात पडायला हवं होतं.

मुळात पानं ठरली होती चाळीस. पण गल्लीतल्या मबरूकाबाईंचा ट्रे पुस्तकात आहे हे कळायचा अवकाश, शेजारची झोहरा दारात हजर.

"तिचे करपलेले मकरूद छापतोस, आणि माझे नाही? लहानपणी डल्ला कुणाच्या ट्रेवर मारायचास रे?"

तिला घेतलं तर तिसरी रुसली. असं करत पानं झाली शहाण्णव. एवढी थप्पी पिनांत मावेना, म्हणून डिंकाने चिकटवायचं ठरलं. ते मशीन तौफिककडे नव्हतं, म्हणून थप्पी गेली फ्रेंच शाळांची पुस्तकं बांधणाऱ्या कारखान्यात. तिथल्या कामगारांनी हाताच्या सवयीने साठच्या साठ प्रतींची पाठ डावीकडे चिकटवली.

"अरबी पुस्तक उजवीकडून उघडतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं!" गुरुवारी लमीन छापखान्यात ओरडला.

"चिडू नकोस. फाडून पुन्हा बांधून घेतो. झालंच समज."

"काका उद्या निघालेत रे!"

"मग त्यांना एक अशीच दे. बाकीच्या आजच फाडायला घेतो."

शुक्रवारी सकाळी लमीन आणि त्याची बायको झकिया काकांकडे पोचले, तेव्हा बॅगा दारातच होत्या. काकांनी पुस्तक घेतलं, जन्माच्या सवयीने पाठ उजवीकडे वळवली आणि उघडलं. म्हणजे शेवटाकडून. समोर विटांनी बुजलेलं भट्टीचं तोंड. लमीनला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

"काका, तिकडून नाही, ते जरा—"

"गप रे."

काका पानं उलटत राहिले. विटा गेल्या. थंड राख दिसली. मग धूर आला, ट्रे आले, ट्रेवरून भांडणाऱ्या झोहरा आणि मबरूका आल्या, आणि काका मोठ्याने हसले. सगळ्यात शेवटी आलेल्या पहिल्या पानावर काळ्याभोर मिशांचे बशीरकाका जाळात लाकूड सारत होते.

"मला धास्ती होती," काका डोळे पुसत म्हणाले, "की शेवटी ती भिंत दाखवून रडवशील. तू तर माझी भट्टी पेटवलीस, पोरा."

लमीन काहीतरी कबूल करायच्या बेतात होता. झकियाने त्याला कोपराने ढोसलं.

"तीन महिने डोकं लढवलंय त्यांनी, काका," ती म्हणाली.

बाहेर येताच लमीनने घाईघाईने फोन लावला. "तौफिक, थांब! किती फाडल्यास?"



"हे बघ, रागावू नकोस," तौफिक चाचरत म्हणाला. "काल म्हणालो खरा, पण... तुझी प्रत काढल्यापासून गठ्ठ्याला हातसुद्धा लावलेला नाही."

लमीन हसतच काकांच्या उंबऱ्यावर टेकला. "तौफिक," तो म्हणाला, "तुझ्या आळसाला देव उदंड आयुष्य देवो!"