चौथं पेडल

आमच्या सोसायटीतले हसुराम मास्तर वस्तूंना त्यांचं गाव विचारतात. आमचा मिक्सर बंद पडला म्हणून त्यांना बोलावलं, तर त्यांनी तो उलटा करून मांडीवर घेतला आणि नव्या सुनेला विचारावं तशा मायेनं म्हणाले, "गाव कंचा तुजा? घर कोनाचा?"

मिक्सर काही बोलला नाही. मीच म्हणालो, "बाजारातल्या दुकानातून आणलाय." मास्तर नाराज झाले. "दुकान म्हंजे गाव नाय, सायेब. तिथं तो पावना होता."

मास्तर मूळचे गव्हाणचे. त्यांच्याकडे पाहुणा आला की आधी गाव, मग घर, आणि मग पाणी. हयात बेंजो पार्टीत गेली. हळदीच्या मांडवात मास्तरांचा बेंजो सुरू झाला की नवरदेवाची आजीसुद्धा उठायची म्हणतात. पुढे डीजे आला आणि पार्टी मोडली. मुली लग्न होऊन उरणकडे गेल्या, बायको वारली. आता नवीन पनवेलमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात आणि सगळ्या इमारतीचे पंखे-कुकर ठीक करून देतात.

गेल्या वर्षी त्यांनी रोडपालीच्या एका भंगारवाल्याकडून इस्त्रीच्या टेबलासारखं काहीतरी आणलं. वर दहा तारा, खाली पायानं दाबायची चार पेडलं, पोटात सळयांचं जाळं.

"मास्तर, हे टेबल की शिलाई मशीन?"

"गिटार हाय," मास्तर हळूच म्हणाले, जणू पाळण्यात बाळ निजलंय. "बसून वाजवायची. तारंवर लोखंडाचा दांडा सरकवायचा आन पायानं सूर वाकवायचा. पन बाई कोनाच्या घरची, ता समजल्याबिगर हात कसा लावू?"

नावाची पट्टी कधीच गळून पडली होती. मास्तरांनी मोबाइलवर अशा गिटारी बनवणारा अमेरिकेतला एक म्हातारा कारागीर शोधून काढला. मी जन्मभर कारकुनी केलेली, त्यामुळे इंग्रजी पत्रव्यवहार माझ्या गळ्यात पडला. तो मी जिन्यातच, उभ्या उभ्या उरकत असे. मास्तर दरवेळी म्हणत, "आत या ना, बसा." मला दरवेळी काम असे.

आता जे सांगायचं ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो.

म्हाताऱ्यानं लिहिलं की आधी सगळी खोलून साफ करा, मग फोटो पाठवा. मास्तरांनी गिटार खोलली, एकेक भाग रॉकेलनं धुतला आणि चिठ्ठ्या बांधून जिन्यात वाळत घातला. मी पडलो सोसायटीचा सेक्रेटरी. जिन्यात चपलेचा जादा जोड दिसला तरी मला ताप चढतो. तीनदा नोटीस लावली, मास्तरांनी तीनदा हात जोडले आणि चौथ्या दिवशी पुन्हा वर्तमानपत्र अंथरलं. एका रविवारी जेवायची वेळ झाली म्हणून ते सामान आत नेत होते. एक पेडल तेवढं बाहेर राहिलं होतं. खाली गेटवर तोच रोडपालीचा भंगारवाला उभा होता. मी ते पेडल उचललं आणि त्याच्या पोत्यात टाकलं.

चुकून झालं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पटत नाही. 'पाय ४' ही चिठ्ठी मी वाचली होती. मला मास्तरांना अद्दल घडवायची होती.

दुपारी मास्तर दारात. चेहरा उतरलेला. "सायेब, माज्या बाईचा एक पाय गेला."

"उंदरानं नेला असेल," मी म्हणालो. किलोभर लोखंड नेणारा उंदीर! हे वाक्य आठवलं की आजही घाम फुटतो. वर आणखी त्यांच्याबरोबर टॉर्च घेऊन मी गाड्यांखाली वाकलो, मीटरच्या पेट्या उघडल्या, गच्चीवर गेलो.

दुसऱ्या दिवशी गुपचूप रोडपाली गाठली. माल भट्टीला गेला होता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं. रोज संध्याकाळी पाय आपोआप वर वळायचे. पंधरा दिवस आम्ही शोधलं. मग मी माझ्या बंद पडलेल्या स्कूटरचं ब्रेकचं पेडल काढून दिलं. मास्तरांनी ते घासून, वाकवून बसवलं. मी सळया धरायचो, स्क्रू शोधायचो. काम झालं की मास्तर तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढे ठेवायचे आणि मी ती निर्लज्जासारखा खायचो. असे तीन महिने गेले.

गिटार उभी राहिली. फोटो पाठवले. म्हाताऱ्याचं उत्तर आलं, ते मी मास्तरांना मराठीत वाचून दाखवलं: "ओळख पटत आली आहे. पण चौथं पेडल स्कूटरचं दिसतं. त्या जागी मुळात पेडल होतं का? चार असतील, तर ही माझ्या गुरूच्या हातची. तीनच असतील, तर दुसऱ्या कुणाची."

मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लिवा, तीनच होती."

माझं बोट अडलं. मिक्सरलाही गाव विचारणारा हा माणूस आपल्या हातानं गिटारीला परक्या घरी धाडत होता.

"चार होती, मास्तर. चौथं मी भंगारात दिलं. मुद्दाम दिलं."

"मना म्हाईत हाय," मास्तर म्हणाले. "तुमी रोडपालीला जाऊन आलात ना, तवाच त्या भंगारवाल्याचा मना फोन आला."

"मग पंधरा दिवस गाड्यांखाली का वाकत होता माझ्याबरोबर? बोलला का नाहीत?"

मास्तर ओशाळले. ओशाळायचं मी, आणि ओशाळले ते!

"तुमी रोज वर येत होतात, सायेब. आत बसत होतात. बोललो असतो तर लाजून आला नसतात. आन आज चार लिवली असती, तर चौथा कुठं गेला ता तुमालाच लिवावा लागला असता."

मी लिहिलं: पेडलं चार होती, चौथं शेजाऱ्यानं, म्हणजे हे लिहिणाऱ्यानं, भंगारात दिलं. पाठवलं, आणि काय लिहिलं ते मास्तरांना सांगितलं. गिटार गुरूच्या हातची की आणखी कुणाची, हे त्यांनी विचारलंही नाही. स्वच्छ पुसलेलं पेडल ते फडक्यानं पुन्हा पुसत बसले.

"काम तर सपला आता," ते खाली बघतच म्हणाले. "उद्या याल ना?"

येईन म्हणालो. पण मान वर करून म्हणायची हिंमत झाली नाही.