आज मी नवराच!

सुट्टी कशी घालवावी हे अख्ख्या तलासरीत फक्त रूपेशला कळतं, असं रूपेशचं प्रामाणिक मत होतं. लोक रिक्षा करतात, सेल्फी काढतात आणि धापा टाकत घरी येतात. रूपेश चालणार होता! डहाणूच्या मसोलीतून निघून गावातून थेट बंदरापर्यंत, रमतगमत, कुणालाही वाट न विचारता. भाषेची तर चिंताच नव्हती. तलासरीचा माणूस तो. मराठी आणि गुजराती दोन्ही त्याच्या जिभेवर!

खरं कारण वेगळं होतं. घरी आत्या मुक्कामाला आली होती आणि तिच्या मोबाईलमध्ये लग्नाच्या मुलींचे फोटो होते. रूपेशची तिशी उलटली होती. एक दिवस तरी लग्नाचा विषय कानावर पडू नये, एवढंच त्या बिचाऱ्याला हवं होतं.

मसोलीत तो फरसाणाच्या दुकानापाशी रेंगाळला. शेठनं हसून विचारलं, "आजे नवरा छो?"

दुसरा मराठी माणूस इथे दचकला असता. रूपेश कसला दचकतोय! गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "एकदम नवरा!" तो म्हणाला आणि पापडी खात पुढे निघाला. शब्द त्याला फारच आवडला.

बंदराजवळच्या मच्छीमारांच्या आळीत तो शिरला तेव्हा दुपार कलली होती. काठ्यांवर बोंबील वाळत होते, एका दारात जाळं शिवणं चाललं होतं. नव्यानं रंग दिलेल्या एका घराच्या ओट्यावर बायजी नावाची म्हातारी वाटेकडे डोळे लावून बसली होती. रूपेशचा कडक इस्त्रीचा शर्ट दिसला आणि ती उठलीच.

"नवरा ना तू?"

इथली म्हातारीसुद्धा गुजराती बोलते! रूपेशला डहाणूचा अभिमान वाटला.

"हो आजी, आज अगदी नवराच!"

"एकटाच आलास? घरची माणसं?"

"त्यांना सांगितलंच नाही. ती आली की मजा जाते."

"अगं बाई! धीट आहेस हो! बघायला आलास ना?"

"त्यासाठीच तर आलो! निवांत बघणार. आवडलं तर परत येईन, नाहीतर पुढे नरपड गावात बघीन."

बायजीचा चेहरा चिंच खाल्ल्यासारखा झाला. "नरपडला काय ठेवलंय? आधी आमचं बघ!" म्हणून तिनं त्याला हाताला धरून आत नेलं.

आत तिचा मुलगा लाहू घाईघाईनं शर्टाची बटणं लावत होता. सून निर्मला पदर सावरत होती. त्यांच्या हर्षदाला बघायला वाणगावचा मुलगा यायचा होता. त्याचा फोटो आला होता, पण त्यात गॉगल आणि टोपी एवढंच काय ते स्पष्ट दिसत होतं.

"लवकर आलात! गाडी मिळाली वाटतं?" लाहूनं विचारलं.

"छे! चालत आलो."

लाहूनं मनातल्या मनात वाणगाव ते डहाणू असा रस्ता धरला आणि त्याला घाम फुटला. "तब्येत चांगली दिसते," निर्मला कुजबुजली.

मग पोहे आले. काय ही डहाणूची माणुसकी! रूपेशनं बशी संपवली, पुन्हा घेतले, आग्रह मोडवेना म्हणून आणखी घेतले. तेवढ्यात मोरपंखी साडी नेसलेली हर्षदा चहा घेऊन आली आणि लाहू म्हणाला, "काय विचारायचं ते विचारा. मुलगी समोर आहे."

 रूपेशच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चप्पल दारातच होती. पळायला काहीच हरकत नव्हती. पण हर्षदानंच आधी विचारलं, "खरंच चालत आलात?" आणि ती खुदकन हसली.

रूपेशचे पाय जागचे हलेनात. आत्याच्या मोबाईलमधला एकही फोटो असा हसला नव्हता! मुलगी त्याला आवडली, अगदी मनापासून आवडली. त्यानं चहाचा कप घेतला आणि मिठाची गुळणी धरून बसला.

तोच लाहूचा फोन वाजला. स्पीकरवरून आवाज आला, "वाणगावहून निघालो हो! नवरा गाडीतच आहे!"

सगळ्यांनी रूपेशकडे पाहिलं.

"मग तू कोण?" लाहू गरजला.

"मी... नवरा..."

"कुणाचा?" निर्मलानं झारा उचलला.

"कुणाचाच नाही! रिकामा! गुजरातीतला नवरा!"

गुजराती व्यापाऱ्यांना मासळी विकण्यात लाहूचा जन्म गेला होता. त्याच्या लक्षात आधी आलं आणि तो मांडीवर थाप मारून हसायला लागला. बायजीला समजायला वेळ लागला, पण मग तिचं हसू आवरेना.

रूपेशनं धीर गोळा केला. "एवढं बघणं झालंच आहे, तर... वाणगावचं नाही जमलं, तर माझा विचार...?"

हर्षदा डोळे पुसत म्हणाली, "तमे नवरा छो, पण हुं नवरी नथी! मला कुठली सवड? पाहुणे येतायत आणि त्यांचे पोहे तुम्ही संपवलेत. ही घ्या विळी, कांदे चिरा!"

रूपेश मुकाट्यानं विळीवर बसला. नाही म्हणायला सबब तरी कुठून आणणार? नवराच होता ना!