बिनचेंडूचा सराव

आमच्या घरामागच्या मैदानावर मेश्राम कोच रोज पहाटे फुटबॉल शिकवतात, आणि त्या फुटबॉलमध्ये चेंडू नसतो. खेळाच्या नियमपुस्तकात चेंडूला स्वतंत्र कलम आहे. मी ते वाचले आहे. तरीही धुक्यात मुलेमुली धावतात, वळतात, नसलेला चेंडू एकमेकांना देतात. शेजारच्या राइस मिलचा तूस हवेत तरंगू लागला, की ती सगळी पाण्याखाली खेळत असल्यासारखी दिसतात.

चेंडू संध्याकाळच्या खेळात येतो. असाच एक माझी मोगऱ्याची कुंडी फोडून अंगणात आला. मी तो मुद्देमाल म्हणून चिठ्ठी बांधून कपाटात ठेवला आणि सराव बंद व्हावा असा सविस्तर अर्ज नगरपालिकेकडे केला. सरकारी बाबू आयुष्यात एकदाच पहाटे चौकशीला निघतो, तो नेमका माझ्या वाट्याला आला. "बाबूजी, बॉल तो है ही नहीं," म्हणून तो चहा पिऊन गेला. मी त्याच दिवशी दुसरा, अधिक कडक अर्ज लिहिला व त्याची प्रत कोचच्या हाती दिली.

त्यांनी ती आदराने घडी करून खिशात ठेवली. "जय भीम, काकाजी. अक्षर बहूत मस्त आहे तुमचं."

"चेंडूशिवाय हा कसला खेळ?" मी विचारले.

"बॉल देल्ला का पोट्टे बॉलच पाह्यते. बाजूनं कोण धावून राह्यला, त्याले कोण पाह्यील?"

कोच तरुणपणी गोव्यात एका व्यावसायिक क्लबात राइट बॅक होते. मागून उजव्या कडेने धावत पुढे जायचे आणि हात वर करायचा, हे त्यांचे काम. चेंडू बहुधा दुसरीकडेच जाई. "सारी जिंदगी हात वर होता माह्या. लोकाइले वाटे, मास्तरले सुट्टी मागून राह्यला." मग गुडघा गेला आणि ते इथे, बालाघाटला परतले.

गेल्या थंडीत एका रविवारी सराव नव्हता. गच्चीवरून पाहिले, तर धुक्यात कोच एकटेच उजव्या कडेने लंगडत धावत होते. कुंपणाशी पोचले की हात वर करत, क्षणभर थांबत, आणि परत फिरत.

दुसऱ्याच दिवशी माझ्या अर्जाची सुनावणी व्हायची होती आणि पुरावा म्हणून कपाटातला चेंडू तेवढाच होता. मी तसाच खाली उतरलो, कपाट उघडले, चिठ्ठी तोडली, मागच्या फाटकाबाहेर आलो आणि आयुष्यात प्रथमच चेंडूला लाथ मारली. तो त्यांच्यापासून बराच लांब, नाल्यात जाऊन पडला.

"पास बेकार होता, काकाजी," धुक्यातून आवाज आला. त्यांचा हात अजून वरच होता. मग तो सावकाश खाली आला.

"पण तुम्ही पाह्यलं मले."