बाबांच्या गाडीचा भोंगा

तो घरातला शेवटचा साधा दिवस होता, आणि बाकीच्या साध्या दिवसांसारखीच त्याची सुरुवात चांगदेव इंगळ्यांच्या घोषणेने झाली.

"आज संध्याकाळपर्यंत," चहाची बशी खाली ठेवत ते म्हणाले, "आपल्या गाडीत कसलीच कमी राहणार नाही. लिहून घ्या!"

लिहून घेणारं घरात कोणी नव्हतं. कांताबाई पोहे परतत होत्या. मुलगा पंचशील अर्ध्या गालाला साबण लावून आरशासमोर उभा होता. मानसी वाचत होती. ती कॉलेजात इतिहास शिकवायची, आणि घरी आली की जेवताना, केस विंचरताना, पाहुणे बसलेले असतानासुद्धा वाचायची.

गाडी दारात उभी होती. खरं तर इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या त्या गल्लीत ती मावतच नव्हती. पांढरी, चौकोनी, पुढे-मागे मिळून सगळं खानदान बसेल एवढी! ती उभी राहिली की समोरच्या शारदाबाईंच्या ओट्यावर ऊनच येत नसे. शारदाबाईंचे पापड त्या आठवड्यात वाळले नव्हते.

मिल बंद पडल्यावर चांगदेवांनी बरीच वर्षं दुसऱ्याची मॅटाडोर चालवली, शाळेची पोरं ने-आण केली. आता पंचशीलला पिथमपूरला नोकरी लागली होती, मानसी परमनंट झाली होती, आणि बाजारात मागाल ते मिळायला लागलं होतं. "पूर्वी स्कूटरला नंबर लावायचा बापाने आणि फिरवायची नातवाने," चांगदेव म्हणत. "आता आज बोला, उद्या गाडी दारात!" चौदा एप्रिलला इंगळे मंडळी दरवर्षी टेम्पोत उभं राहून महूला जात. या वर्षी बसून जायचं, तेही स्वतःच्या सीटवर, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

गाडी आल्यापासून ते दिसेल त्याला एकच प्रश्न विचारत होते, "कशी आहे?"

दूधवाला म्हणाला, "जबरदस्त, भिया!" शारदाबाई पापड विसरून म्हणाल्या, "अहो, विमानच की हे!" मीटर बघायला आलेला माणूस मीटर न बघताच गाडीभोवती दोन फेऱ्या मारून गेला.

मानसी म्हणाली, "ठीक आहे."

मानसीचं "ठीक आहे" घरात प्रसिद्ध होतं. बारावीचा निकाल ठीक होता. नोकरीचं पत्र ठीक होतं. उद्या कोणी चंद्र उतरवून आणला असता, तर पुस्तकातून मान न काढता ती म्हणाली असती, "ठीक आहे, तिथे ठेवा." चांगदेवांना हे माहीत होतं. तरी रोज एकदा ते विचारून बघत, लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस रोज घेतो तसं.

"कशी आहे गं गाडी, मानसी?"

"ठीक आहे, बाबा."

"बरं," म्हणून ते काच पुसायला लागत.

"ठीक आहे" सोडून मानसी वडिलांशी जे बोलायची ते बहुतेक त्यांचे शब्द दुरुस्त करण्यासाठी. सलेंसर नाही बाबा, सायलेन्सर. स्टेरिंग नाही, स्टिअरिंग. सगळ्यात जास्त दुरुस्त केलेला शब्द होता भोंगा. चांगदेव मिलच्या बॉयलरवर होते. पाळी बदलली की भोंग्याची साखळी ओढायची ते त्यांचं काम. अर्धं शहर त्यांच्या हाताने उठायचं आणि त्यांच्या हाताने जेवायला बसायचं. मिल गेली, भोंगा गप्प झाला, पण शब्द तोंडातून गेला नाही. स्कूटरचा भोंगा, कुकरचा भोंगा, शाळेची घंटासुद्धा भोंगाच!

"बाबा, गाडीला हॉर्न असतो."

"तेच ते. भोंगा."

त्या दिवशी गाडी सजवायला टाकायला निघताना कांताबाईंनी लेकीला बाजूला घेतलं. "आज दुकानात त्यांना टोकू नकोस बाई. चार लोकांसमोर नको. एवढा एक दिवस!"

मानसीने कबूल केलं, आणि शब्द पाळला. पुढचं सगळं त्यामुळे घडलं.

दुकान शाम भियाचं होतं. तिथे गाडी सोडली की लोक म्हणत, नवरीसारखी सजवून देतो. कांताबाईंनी खिडक्यांचे फुलाफुलांचे पडदे घरीच शिवले होते, ते दिले. समोर ठेवायला बुद्धाची छोटी मूर्ती दिली आणि चिकटवताना सरळ चिकटवा म्हणून तीनदा बजावलं. पंचशीलने टेप सांगितला. मानसीला काही नको होतं. ती मागच्या सीटवर पुस्तक घेऊन बसली होती.

मग चांगदेव पुढे झाले. "और एक भोंगा लगाना है."

"गाड़ी में तो हे न, अंकलजी, कंपनी का."

"वो तो बकरी की आवाज है! मेरे को बड़ा चाहिए. दूर तक जाए."

शाम भियाने कानामागची पेन्सिल काढली. "कित्ती दूर तक?"

"परदेशीपुरा से पाटनीपुरा तक!"

"हओ. और लगाना कां पे हे?"

"छत पे," चांगदेव म्हणाले. मिलचा भोंगा छतावरच होता.

शाम भियाने त्यांच्याकडे नव्या आदराने पाहिलं. "समझ गया, अंकलजी! आप टेंशन नी लो. पेले बताते ना, कि ये काम हे!"

पुस्तकातून मानसीने मान वर केली. काहीतरी चुकत होतं. "हॉर्न" हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. मग तिने आईकडे पाहिलं, आणि पान उलटलं.

संध्याकाळी सगळे गाडी आणायला गेले. गाडीच्या टपावर दोन भले मोठे भोंगे होते, एकाचं तोंड पुढे, एकाचं मागे! मांडवात लावतात तसले, लाऊडस्पीकरचे. आत डॅशबोर्डखाली एक पेटी, आणि कांताबाईंच्या सीटसमोर गुंडाळलेल्या वायरला लटकणारा माइक.

"बोलो, अंकलजी! एकदम चुनाव-फिट!" शाम भिया म्हणाला. "बस ये बता दो, खड़े कौन सी पार्टी से हो रिये हो?"

पंचशील वळून पडदे तपासायला लागला. त्याचे खांदे हलत होते. कांताबाईंनी पदर तोंडाला लावला. चांगदेवांनी भोंग्यांकडे पाहिलं, माइककडे पाहिलं, आणि जन्मात कधी चूक कबूल न केलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "बराबर है. ऐसाच चाहिए था."

"अहो, पण..."

"बस गाडीत, कांता!"

मानसी आपल्या जागी बसली, तर तिच्या डोक्यावर एक छोटा दिवा होता. तिने तो सांगितला नव्हता. पंचशीलनेही नाही.

"अंकलजी ने बोला था," खिडकीतून शाम भिया म्हणाला. "बोले, मेरी लड़की अंधेरे में पढ़ती हे, आंखें खराब कर लेगी."

मानसीने दिवा लावला. प्रकाश बरोबर पानावर पडत होता.

"बरा आहे का?" आरशातून चांगदेवांनी विचारलं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

निवडणुकीचे दिवस होते. रस्त्यात जिकडे तिकडे प्रचाराच्या रिक्षा फिरत होत्या. त्यामुळे गाडी निघताच बाहेरून मोठा आवाज यायला लागला, तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही.

"काय कर्कश ओरडतात मेले!" कांताबाई म्हणाल्या.

"...ओरडतात मेले!" बाहेर कोणीतरी गरजलं.

"बघा, यंदा बाईसुद्धा उभी दिसतेय."

"...उभी दिसतेय!"

"आणि मराठी आहे हो!" कांताबाईंना बरं वाटलं. त्या सैलावून बसल्या आणि घरच्या विषयावर आल्या. "मी काय म्हणते, महूला शारदाबाईंना न्यायचं म्हणता, पण त्या मधल्या सीटवर बसल्या तर बाकीच्यांनी काय टपावर बसायचं?"

पाटनीपुऱ्याच्या चौकात गर्दी होती. गाडी मुंगीच्या चालीने चालली होती. कचोरीवाल्याचा झारा कढईवर तसाच थांबला होता. लोक वळून वळून पाहत होते, आणि चांगदेव खूश होते. गाडी आहेच तशी! त्यांचा आवाज हळवा झाला.

"सगळ्या इंदूरला आवडली गं, कांता. पानवाल्याला आवडली, शाम भियाला आवडली. एक आपली मानसीच काही बोलली नाही. ती एकदा छान म्हणाली ना, की मग माझी गाडी पास."

ते वाक्य मानसीने दोनदा ऐकलं, एकदा पुढच्या सीटवरून आणि एकदा आकाशातून. तिने पुस्तक मिटलं.

"दीदी, बोल दो न यार!" कचोरीवाला ओरडला.

"अंकल का दिल मत तोड़ो, दीदी!" सायकलवरचा एक जण म्हणाला.

चांगदेवांनी ब्रेक मारला. "ये लोग किससे बात कर रिये हैं?"

"बाबा," मानसी म्हणाली, "माइक चालू आहे."

"अगं बाई! शारदाबाई!" कांताबाई किंचाळल्या, आणि ती किंचाळी भोंग्यांनी चारी दिशांना इमानदारीने पोहोचवली.

मग जी झटापट झाली! चांगदेवांनी बटण खाली केलं तर शिट्टी वाजली. वर केलं तर जास्त वाजली. पंचशील मागून वाकून वायर ओढायला लागला आणि त्याच्या हाताला पडदा आला. मागे रिक्षांची रांग लागली. एक म्हातारेबुवा खिडकीशी येऊन आपल्या गल्लीतल्या नळाची तक्रार सांगायला लागले. या सगळ्यात माइक चांगदेवांच्या हातात राहिला. चौक थांबला होता. त्यांनी माइककडे पाहिलं, मग मागे वळून तो लेकीसमोर धरला.

"आता बोलूनच टाक," ते हसत म्हणाले. "पब्लिक थांबलीय."

मानसीचे कान तापले. वर्गात शंभर पोरांसमोर न थांबता बोलणारी बाई, तिला एक शब्द सुचेना. म्हणजे, सुचला. नेहमीचाच.

"ठीक आहे," ती म्हणाली.

"ठीक आहे!" भोंग्यांनी पाटनीपुऱ्याला सांगितलं.

मग सगळा चौक हसला. "फेल कर दिया, अंकल! दीदी ने फेल कर दिया!" सगळ्यात जोरात चांगदेव हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

माइक बंद कसा होतो ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. उरलेला रस्ता चौघांनी तोंडाला कुलूप लावून काढला. मध्ये एकदा चांगदेवांना शिंक आली, ती मात्र परदेशीपुऱ्यापर्यंत गेली.

शारदाबाई ओट्यावर वाटच पाहत होत्या. "या, कांताबाई, या! मी टपावर बसेन हो! वारा तरी लागेल!" कांताबाई चेहरा लपवत आत पळाल्या. थोड्या वेळाने साबुदाण्याच्या पापडांची चळत घेऊन शारदाबाई मागोमाग आल्या आणि दोघी हसत बसल्या.

जेवताना चांगदेव म्हणाले, "भोंगा काही जमला नाही. उद्या बदलून आणू. हॉर्न म्हणून सांगतो आता."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो शब्द वापरला, तोही अगदी बरोबर. मानसीच्या कानाला तो खटकला. पण आज टोकायचं नाही असं ठरलं होतं.

सकाळी चांगदेव उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नाही.

लोक येत राहिले. महूहून आले, देवासहून आले, मिलमधले जुने साथीदार काठ्या टेकत आले. इंगळ्यांचं घर कुठलं असं गल्लीच्या तोंडाशी विचारलं, की पानवाला सांगे, "वो जिसके सामने भोंगेवाली गाड़ी खड़ी हे." कोणी चुकलं नाही. मानसीने सगळ्यांना पाणी दिलं, सतरंज्या घातल्या, काढल्या. ती रडली नाही. कशी आहेस म्हणून कोणी विचारलं, की ती म्हणे, ठीक आहे.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर पंचशील म्हणाला, "ताई, भोंगे काढून आणू या. आई रोज बघते आणि बसून राहते."

मानसी त्याच्याबरोबर निघाली. मागचं दार उघडता उघडता ती थांबली, आणि पुढे जाऊन बसली. पुढच्या सीटवर ती पहिल्यांदाच बसत होती. काच स्वच्छ होती. बुद्धाची मूर्ती थोडी तिरपीच चिकटवलेली होती. पंचशीलने चाबी फिरवली आणि वाटेतली कोणाची तरी सायकल बाजूला करायला तो खाली उतरला.

गाडीत ती एकटी होती. स्टिअरिंगवर बाबांनी गाडी पुसायचा पिवळा कपडा वाळत घातलेला तसाच होता. तिने तो घडी करून मांडीवर घेतला.

"छान आहे गाडी, बाबा," ती हळूच म्हणाली.

"...आहे गाडी, बाबा," टपावरून आवाज आला.

कुठेतरी नळ वाहत होता, तो कोणीतरी बंद केला. शारदाबाई पापडाचं ताट हातात घेऊन ओट्याच्या कडेला आल्या.

"काय म्हणालीस गं, मानसी? सुरुवातीचं नीट ऐकू नाही आलं!"

मानसीने बटणाकडे पाहिलं. मग माइक हातात घेतला.

"छान आहे," ती म्हणाली. परदेशीपुऱ्यापासून पाटनीपुऱ्यापर्यंत जाईल असं. "बाबा, तुमची गाडी खूप छान आहे. दिवा छान आहे. भोंगासुद्धा छान आहे."

पंचशील सायकल धरून तसाच उभा होता. त्याने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "ताई, बॅटरी उतरेल."

"उतरू दे!" मानसी म्हणाली, आणि तेही सगळ्या गल्लीने ऐकलं.