पडताळणीत मी मेलो!

मंडळी, पैशाच्या बाबतीत माझ्याएवढा शिस्तीचा माणूस अख्ख्या गंगाखेड तालुक्यात सापडायचा नाही! परभणीच्या होस्टेलवर मी यावर रोज फुकट प्रवचन द्यायचो. विद्यार्थ्यांसाठीचं क्रेडिट कार्ड घ्यावं, मर्यादेच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नये, बिल तारखेच्या आधी भरावं आणि तेही पूर्ण! दोन वर्षं नेटानं असं केलं की क्रेडिट स्कोअर धष्टपुष्ट होतो. मला शिक्षण संपल्यावर गावी शेळ्यांसाठी पक्कं शेड बांधायचंय. त्याला कर्ज लागणार, कर्जाला स्कोअर आणि स्कोअरला कार्ड. म्हणून दिला अर्ज ठोकून! पत्ता टाकला घरचा, राणीसावरगावचा.

तिथंच माती खाल्ली.

पत्त्याची पडताळणी करायला बँकेचे साहेब आमच्या घरी गेले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला बॅग. आता या वेशातला माणूस आमच्या गावात एकाच कामासाठी येतो, कुणाच्या तरी मोटारसायकलचे हप्ते थकले म्हणून! आणि अशा वेळी गावाचा कायदा पक्का आहे. एरवी बांधावरून डोकी फोडू, पण बॅगवाल्याच्या हाती आपला माणूस द्यायचा नाही.

माझी माय केवळाबाई अंगणात करडाला बाटलीनं दूध पाजत होती.

"शिवशंकर इथंच राहतो ना?" साहेबांनी विचारलं.

मायनं आधी बॅग पाहिली. "कोन शिवशंकर? मला लेकरूच न्हाई!"

"अहो, कागदावर आईचं नाव केवळाबाई आहे."

"गावात लय केवळाबाया हायेत!"

बिचारे साहेब शेजारच्या महारुद्रकाकांकडे गेले.

"शिवशंकर? लय गुणाचं पोरगं होतं," काका म्हणाले.

"होतं?"

"गेलं की हो! दोन वर्षं झाली!" असं म्हणून काकांनी टोपी काढली. साहेबांनीही हेल्मेट काढलं. दोघं मिनिटभर गप्प उभे राहिले म्हणे!

आठ दिवसांनी मी चौकशीला बँकेत फोन लावला.

"तुमच्या अर्जावर शेरा आहे," पलीकडून बाई म्हणाल्या. "अर्जदार मयत. आपण त्यांचे कोण?"

"मीच मयत बोलतोय!"

फोन कट!

मग काय, गाव गाठलं. मायला आणि काकांना एसटीत घातलं आणि गंगाखेडच्या शाखेत नेऊन उभं केलं. वाटेत तीनदा बजावलं, "माय, कुणाचा हप्ता थकलेला नाही, मला कार्ड हवंय." तिनं मान डोलावली. पण समोर तोच बॅगवाला दिसला आणि मायचा चेहरा दगडासारखा झाला!

"मावशी, हा तुमचाच मुलगा ना?"

मायनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "ह्याला मी आजच पाहायले!"

"माय!" मी ओरडलो.

"गप ऱ्हाय!" ती कुजबुजली. "मी बोलायले तवर मागच्या दारानं पळ!"

साहेबांनी हात जोडले. "मावशी, वसुली नाही हो! याला कार्ड द्यायचंय. पण कागदावर हा मेलाय."

झालं! मायनं पदर खोचला. "माझ्या सोन्यासारख्या लेकराला मेला कोन म्हनलं रे?"

सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. साहेब हसत म्हणाले, "कळलं मला. पोराला वाचवायला खोटं बोललात ना काका? सांगा आता, पोरगा व्यवहाराला कसा आहे? तुमचा शब्द लिहितो आणि अर्ज पुढं पाठवतो."

माझा जीव भांड्यात पडला. काय गोड माणूस! शेडचे पत्रेसुद्धा दिसायला लागले मला.

"खोटं?" काका भडकले. "मी कामून खोटं बोलू? मोबाइल घ्यायला माझ्याकडून दोन हजार उसने नेले ह्यानं. आठ दिवसांत देतो म्हनला. दोन वर्षं झाली, साहेब! फोन केला तर उचलत न्हाई, गावात आला तर मागच्या गल्लीनं जायलाय. मी तर मेला असंच धरून चाललो!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. माय माझ्याकडे बघायला लागली आणि मी पंख्याकडे.

आता तुम्ही म्हणाल, मग ती शिस्त कुठं गेली? अहो, ती मी कार्ड आल्यावर सुरू करणार होतो ना!