अण्णांचा उजवा कान

"अण्णा, हलू नका! कान सावलीत जातोय."

अण्णा खिडकीत उन्हाकडे पाठ करून बसले होते. लेक ॲनिमेशनच्या स्टुडिओत कामाला होती आणि सिनेमातल्या आजोबांचा कान तिच्या वाट्याला आला होता. मागून ऊन आलं की खरा कान लालसर उजळतो. हिने केलेला मेला प्लास्टिकच्या मगासारखा दिसत होता. म्हणून ही बैठक.

शेडर म्हणजे वस्तूवर उजेड कसा वागेल हे संगणकाला सांगणाऱ्या सूचना. तिने कानाला त्यांचे थर दिले होते: रक्ताची लाली, पातळ कातडी, तेलकट चकाकी. चकाकी चुकून लालीच्या खाली गेली होती. ती सगळ्यांत वर आणली मात्र, संगणकावरचा कान जिवंत झाला!

"अरे, माझाच की!" अण्णा ओरडले. त्या दिवसापासून त्यांचे पाय जमिनीला लागेनात. न्हाव्याला त्यांनी बजावलं, "उजव्या बाजूला जपून. तो सिनेमात आहे." आत्याला फोन गेला, आत्याने सासरी कळवलं आणि बघता बघता थिएटरची एक अख्खी रांग आरक्षित झाली.

इकडे दिग्दर्शकाला वाटलं, गोष्ट थंडीत घडावी. आजोबांना कानटोपी चढली. घरी सांगायला लेक तोंड उघडायची, तेव्हा अण्णा फोनवर कोणाला तरी म्हणत असायचे, "पुढच्या रांगेत बसू नका, कान नीट दिसणार नाही."

शेवटी तो दिवस उजाडलाच. पडद्यावर आजोबा आले, हनुवटीपर्यंत कानटोपीत.

"दादा, कान कुठंय?" आत्याने सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं.

लेकीला रडू यायचंच बाकी होतं. अण्णांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ताडकन उभे राहिले.

"आत आहे! थरावर थर चढवलेत पोरीने. झाकला म्हणून काय तिचं काम कमी झालं?"

"ओ काका, खाली बसा!" मागून कोणीतरी म्हणालं. अण्णा बसले, पण छाती तशीच फुगलेली. लेकीला त्यांचा इतका अभिमान वाटला की पुढचा सिनेमा तिला दिसलाच नाही.

शेवटी नावांची रांग सरकू लागली. लेकीचं नाव येताच अण्णा पुन्हा उभे.

"ओ काका!"

"बसतो हो, बसतो! आधी ते नाव वाचा. मी ठेवलंय ते."